गाडी न्यूट्रलला टाका

लेहहून कारगिलच्या रस्त्याला लागलं की साधारण तीस किलोमीटरवर मॅग्नेटिक हिलची पिवळी पाटी येते. रस्त्यावर पांढरा चौकोन रंगवलेला असतो. गाडी त्यात उभी करायची, गिअर न्यूट्रलला टाकायचा, ब्रेकवरचा पाय उचलायचा. समोर चढ दिसत असतो आणि गाडी आपणहून त्या चढावर चालू लागते. मागच्या सीटवरून टाळ्या, शिट्ट्या आणि एखादा ‘हर हर महादेव’ हमखास येतो.

मी टूर मॅनेजर आहे. मराठी मंडळींना लडाख, राजस्थान, केरळ फिरवून आणणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्या पिवळ्या पाटीपाशी मी इतके सिद्धांत ऐकलेत की त्यांचं वेगळं पुस्तक निघेल. डोंगराच्या पोटात चुंबक आहे. हवाई दलाची विमानं इथून जाताना मुद्दाम उंच उडतात. एका काकांनी तर, हे चीनला कळू नये म्हणूनच पाटी इंग्रजीत लावलीय, असं छातीठोक सांगितलं होतं.

दीड टनाची गाडी ओढणारं चुंबक असेल, तर आधी काकांच्या खिशातली किल्ली, काकूंच्या पर्समधली सेफ्टी पिन आणि ड्रायव्हरचा पाना उडायला हवा. तसलं काही होत नाही. रस्ता तिथं खरोखर किंचित उताराचाच आहे. पण भोवतीच्या डोंगरांच्या रेषा तिरप्या आहेत आणि क्षितिज कुठंच सरळ दिसत नाही. सपाट म्हणजे काय हे ठरवायला डोळ्याला काही उरतच नाही, म्हणून उतार चढासारखा दिसतो. अशा जागा जगात पुष्कळ आहेत. गुजरातेत तुळशीश्यामजवळही एक आहे.

मी बॅगेत गवंड्याची छोटी पाणसळ ठेवते. रस्त्यावर आडवी ठेवली की तिच्यातला बुडबुडा खऱ्या चढाच्या बाजूला सरकतो, म्हणजे गाडी जाते त्याच्या नेमका उलट. सांगलीच्या एका काकांनी तो नीट निरखला आणि म्हणाले, “बरोबरच आहे. बुडबुड्यात लोखंड नसतं ना, म्हणून त्याला मागं ढकलतंय.” यावर काय बोलणार? मी चहा सांगितला.

काकांना मी भोळसट म्हणणार नाही. आयुष्यभर त्यांनी साखर कारखान्यात हिशेब तपासले आहेत. आणि इथंही ते ऐकीव गोष्टीवर विसंबले नव्हते. गाडी न्यूट्रलला टाकून त्यांनी स्वतः पाहिलं आणि गाडी चालली. आपल्याकडच्या गाजलेल्या खुळांकडे बघा, बहुतेकांच्या मुळाशी असा एक प्रयोग असतो आणि तो हमखास यशस्वी होतो. गाडं अडतं ते त्याच्या पुढच्या प्रश्नापाशी. तो विचारायची वेळ येईपर्यंत सगळे फोटो काढण्यात गुंतलेले असतात.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूरला कमरअली दरवेशांचा दर्गा आहे. तिथला गोल दगड अकरा जणांनी एकेका तर्जनीवर घ्यायचा आणि बाबांचं नाव एका दमात मोठ्यानं घेत उचलायचा. दगड उचलला जातो. माझ्या सहलीतल्या सडपातळ मुलांनीही तो उचललाय. वजन नव्वद किलो सांगतात. तेवढं धरलं तर एकेकाच्या वाट्याला आठ किलोच्या आसपास येतं, आणि तेवढा भार बोट क्षणभर सहज पेलतं. अडचण असते ती सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावण्याची, आणि ती त्या मोठ्यानं घेतलेल्या नावानं सुटते. जड पेटी उचलताना हमाल ‘हैय्या’ म्हणतात ते याचसाठी. जवळच्या माणसांच्या श्रद्धेचा तो भाग आहे, त्याला माझा काही आक्षेप नाही. वजनकाटा मात्र कुणी मागत नाही, याचं मला नवल वाटतं.

या सगळ्यात अव्वल नंबर २१ सप्टेंबर १९९५ चा. पितृपंधरवडा चालू होता. बाप्पाचं विसर्जन होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि त्या गुरुवारी तो दूध प्यायला परत आला. दिल्लीत पहाटे सुरुवात झाली. मोबाईल नसताना केवळ फोन आणि एसटीडी बूथच्या जोरावर दुपारपर्यंत देशभर रांगा लागल्या. लंडनच्या साउथॉलमधल्या देवळातही दुधाचे चमचे पुढं आले.

मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या आजीनं घरच्या पितळी गणपतीपुढं चमचा धरला आणि दूध खरंच कमी व्हायला लागलं. आई, मी, शेजारच्या वहिनी, सगळ्यांच्या हातून बाप्पा प्यायला. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. काठोकाठ भरलेला चमचा तो घेत होता, अर्धा घेत नव्हता. आजीकडं उत्तर तयार होतं: “देवापुढं हात आखडता घेतला की तोही तोंड फिरवतो.”

निरीक्षण पक्कं होतं, आजीनं दिलेलं कारण तेवढं वेगळं निघालं. चमचा काठोकाठ भरला की दूध काठाच्या जरा वर फुगून राहतं. त्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो म्हणून ते सांडत नाही. तो फुगवटा मूर्तीला टेकला की दूध मूर्तीच्या पृष्ठभागाला चिकटतं, आणि एकदा धार लागली की अंगावरून पातळ थरानं खाली ओघळत राहतं. चमच्यातलं दूध हळूहळू उतरताना दिसतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, सोंडेनं ओढून घेतलं. अर्ध्या चमच्यातलं दूध काठाखाली असतं. ते मूर्तीला टेकतच नाही, मग पिणार कुठून? संगमरवरी मूर्तीवर तो पांढरा ओघळ दिसत नाही, आणि सकाळपासून अभिषेकानं ओल्या झालेल्या मूर्तीवरून तर तो सरसर उतरतो. दिल्लीत विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवला आणि तो रंग मूर्तीच्या अंगाखांद्यावर उमटला. इकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही दूध सोंडेत जात नाही, खाली ओघळतं, हेच सांगत होते.

मी आमच्या वरवंट्याला दूध पाजलं. वरवंटा प्यायला. आजीनं पाहिलं आणि वरवंट्याला हळद-कुंकू लावलं.

पाटाखाली फरशीवर दुधाचं थारोळं झालं होतं. संध्याकाळी ते पुसताना, देवानं प्यायलेलं दूध इथं कसं आलं, असं कुणीच विचारलं नाही. मीही नाही. आजीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझा तोंडाळपणा त्या दिवशी जागेवरच राहिला.

अकरा वर्षांनी माहीमला समुद्र गोड झाला. १८ ऑगस्ट २००६ च्या रात्री लोक बाटल्या घेऊन खाडीकाठी धावले, काहींनी तिथंच ओंजळीनं पाणी प्यायलं आणि माहीमच्या दर्ग्यातल्या मखदूमबाबांची कृपा म्हणून घरच्यांसाठीही नेलं. प्रयोग पुन्हा खरा ठरला, पाण्याचा खारटपणा खरोखर उतरला होता. ऐन पावसाळ्यात मिठी नदी भरभरून खाडीत येते, आणि गोडं पाणी हलकं म्हणून काही काळ खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पण मिठी आपल्याबरोबर अख्ख्या मुंबईचं काय काय घेऊन येते हे मुंबईकराला सांगायची गरज नसावी. कारखाने, नाले, झोपडपट्ट्या सगळ्यांना वळसा घालून ती माहीमला पोचते. पाणी गोड लागतं म्हणजे स्वच्छ आहे, ही उडी लोकांनी आपली आपण मारली. पालिका पिऊ नका म्हणून सांगत राहिली. दोन-तीन दिवसांत देशात गणपती पुन्हा दूध प्यायला लागले, म्हणजे मोसमच तसला असावा.

एवढं खरं की त्या जमान्यात खुळासाठी निदान चमचा किंवा बाटली घेऊन घराबाहेर पडावं लागायचं. आता अंगठा पुरतो. दर सहलीचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप असतो आणि सहल दिवाळीच्या आसपास असेल, तर त्यावर ‘नासाने टिपलेली दिवाळीच्या रात्रीची भारतभूमी’ येतेच. लाल, हिरव्या, निळ्या, पांढऱ्या दिव्यांनी लखलखलेला भारताचा नकाशा. चित्र खरं आहे, पण दिवाळीचं नाही. अमेरिकेतल्या नोआ या संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी उपग्रहाच्या नोंदींवरून ते तयार केलं होतं. १९९२ पूर्वीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ ला नव्यानं दिसलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. वस्ती कशी वाढली ते त्यातून कळतं. नासानं २०१२ च्या दिवाळीत खरोखर टिपलेला फोटोही प्रसिद्ध केला. त्यात भारत रोजच्यासारखाच दिसतो, कारण पणत्यांचा जादा उजेड अवकाशातून जाणवण्याइतका नसतो. हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल एका काकूंनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि पाठोपाठ तोच नकाशा पुन्हा, या वेळी शुभेच्छांसह.

टीव्हीवाल्यांची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप असून, ती जमिनीखाली एकशेवीस मीटरवर पुरली तरी उपग्रहाला सापडते, हे वृत्तवाहिन्यांवर गंभीर चेहऱ्यानं सांगितलं गेलं. रिझर्व्ह बँकेनं नोटेची जी वैशिष्ट्यं जाहीर केली, त्यात चिप नव्हती. बॅटरीशिवाय कागदाच्या तुकड्यानं उपग्रहाला हाक कशी मारायची, हा प्रश्न नववीतल्या मुलालाही सुचला असता. पण स्टुडिओत बहुधा नववीतलं मूल नव्हतं.

पाट्यांवरचा विश्वास हाही असाच. लडाखच्या खारदुंग ला खिंडीत, १८,३८० फूट उंचीवरचा जगातला सगळ्यात उंच वाहतूक-रस्ता, अशी पाटी वर्षानुवर्षं मिरवत होती. तिच्यापुढं फोटो काढायला मारामारी व्हायची. मोजून पाहिलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. आठशे फूट नुसत्या रंगानं वाढवले होते! पुढं सीमा सडक संघटनेनंच उमलिंग ला इथं १९,०२४ फुटांवर रस्ता नेला, पण आमच्या मंडळींची श्रद्धा खारदुंगवरून ढळली नाही.

तिथल्या उंचीवर निघते कापराची पुरचुंडी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा, लवंग फडक्यात बांधून हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा निरोप घरोघरी गेला. डॉक्टरांनी तो खोडून काढला, पण लडाखच्या बॅगांत पुरचुंडी कायमची जाऊन बसली. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. हवेतला ऑक्सिजनचा वाटा तिथंही एकवीस टक्केच असतो, पण हवेचा दाबच पुण्या-मुंबईच्या दोन तृतीयांशाइतका उरतो, त्यामुळे दर श्वासात ऑक्सिजन कमी येतो. कापूर त्यात भर घालू शकत नाही. तो नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा चाळवतो आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

डोंबिवलीच्या एका काकूंना हे पटेना. त्यांनी ऑक्सिमीटर मागून घेतला. आधी ८४. मग डोळे मिटून मिनिटभर कापूर हुंगला आणि आकडा ८७ वर गेला. “आता बोला,” त्या म्हणाल्या. बसमधले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी आकडा पुन्हा ८४ वर येऊ दिला. मग माझा रुमाल घेतला, त्यात काहीच न घालता गाठ मारली आणि तो त्याच थाटात हुंगायला दिला. डोळे मिटून, लांब श्वास घेत. पुन्हा ८७. मिनिटभर खोल श्वास घेतला की आकडा थोडा वर जातो. कापूर हुंगताना माणूस तो घेतोच, रिकामा रुमाल हुंगतानाही घेतो.

काकूंनी रुमालाची गाठ सोडून आत खरंच काही नाही याची खात्री करून घेतली. नंतर विचारलं, “तुमच्याकडं असे किती रुमाल आहेत?” बसमध्ये हशा पिकला. तेवढ्यात मागच्या सीटवरचे त्यांचे यजमान, डोकं दुखतंय आणि दोनदा उलटी झालीय, असं म्हणाले. सकाळपासून तेही कापूरच हुंगत होते, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीचं फिरणं मी त्यांच्यापुरतं बंद केलं, डॉक्टरांना दाखवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या खारदुंगच्या गाडीतून त्यांचं नाव कापलं. पुरचुंडी काढून घेतली नाही. काकू म्हणाल्या, रात्री देवापुढं लावायला लागेल.