स्लॅबवरच्या सळया

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरात कुठल्याही गल्लीतून मान वर करून चाला, घरांच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया उभ्या दिसतील. गंजू नयेत म्हणून कुणी त्यांना सिमेंटचं पाणी फासतं, कुणी रिकाम्या बाटल्या उपड्या घालतं. वरचा मजला पोरगं नोकरीला लागल्यावर. टप्प्याटप्प्यानं बांधणं आम्हाला नवं नाही.

ती नोकरी बहुधा पुण्याजवळच्या हिंजवडीत असते. नांदेडहून रात्री ट्रॅव्हल्स धरली की सकाळी वाकडला उतरायचं. पुढे पत्त्यातच टप्पे: फेज वन, फेज टू, फेज थ्री. एमआयडीसीचं हे राजीव गांधी इन्फोटेक पार्क हिंजवडी, माण या गावांच्या शेतांवर उभं आहे. इन्फोसिस १९८१ साली पुण्यातच सुरू झाली, १९८३ ला बंगळूरला गेली. हिंजवडीत तिनं आधी फेज वनमध्ये आवार बांधलं, मग फेज टूमध्ये सुमारे ११४ एकरांवर दुसरं. तिथली अंड्याच्या आकाराची इमारत हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांची. फोटो सगळे तिचेच निघतात.

खरी अक्कल मात्र अशा टप्प्याटप्प्याच्या कामात जमिनीखाली गाडलेली असते. पहिल्या टप्प्यात इमारती एक-दोनच. पण पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, केबलचे डक्ट, सबस्टेशनची जागा हे शेवटच्या इमारतीचा हिशेब धरून आखावं लागतं. माणसं एकदा कामाला बसली की शेजारी सुरुंग लावता येत नाही, आणि पुण्याचा काळा पाषाण फोडल्याशिवाय हलत नाही. मग दिवसभर ब्रेकरची घरघर. पत्र्याच्या कुंपणाच्या अलीकडे कँटीनची रांग, पलीकडे सेंट्रिंगच्या फळ्या.

नवा टप्पा कधी काढायचा हे नोकरभरतीवर ठरतं, तसं दिल्लीतल्या कायद्यावरही. सॉफ्टवेअर पार्कांची प्राप्तिकराची सवलत मार्च २०११ मध्ये संपली. त्याआधीच २००५ चा सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा, कायदा आला होता: निर्यातीच्या नफ्यावर पहिली ५ वर्षं पूर्ण करमाफी, पण चालू धंदा नुसता तोडून नव्या जागेत मांडला तर ती मिळत नसे. साहजिकच नव्या इमारती, नवं कुंपण, वेगळं गेट.

भिंतीच्या आत हा सगळा नेटकेपणा. बाहेर रस्ता मात्र टप्प्यांच्या मागून धापा टाकत येतो. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, तोवर तिन्ही फेज नांदते झाले होते. आमच्याकडे आधी वाट सोडतात, मग पाया खणतात. निदान तशी रीत तरी आहे.

शेजाऱ्यांचा पोरगा फेज थ्रीला आहे. दिवाळीनंतर त्यांच्या स्लॅबवरच्या बाटल्या निघाल्या. मिस्त्रीनं तारेच्या ब्रशनं गंज घासला, एक सळई हलवून पाहिली.

"दम आहे काका अजून. चढवू."

"चढव," काका म्हणाले, "पण वरच्या स्लॅबलाबी तीन फूट सळया सोड."