दोन ढीग एकाच खाणीचे की निराळ्या?

खनिजाचा व्यवहार जवळून पाहिलेली माणसे आपल्या पाळी, डिचोली, साखळी या भागात घरोघरी सापडतील. मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जमधल्या मालाचा नमुना कसा घेत असत, हे त्यांपैकी अनेकांना ठाऊक आहे. जागोजागची थोडी थोडी माती उचलावयाची, तिचा एक शंकूसारखा ढीग करावयाचा, तो माथ्यावर दाबून चपटा करावयाचा, त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवावयाचे व दोन टाकून द्यावयाचे. असे पुनः पुन्हा करीत शेवटी मूठभर नमुना उरतो व तो प्रयोगशाळेत जातो. लोहाचे प्रमाण शेकडा किती, यावर मालाची किंमत ठरते. माल चढवितांना एक तपासणी आणि परदेशच्या बंदरात उतरवितांना दुसरी. दोन्हींचे आकडे हुबेहूब जुळले असे सहसा होत नाही. मग प्रश्न पडतो की, हा फरक नमुन्याच्या लहरीमुळे पडला, की मालच निराळा निघाला?

हाच प्रश्न पदार्थविज्ञानाच्या मोठमोठ्या प्रयोगशाळांतून रोज हजारो वेळा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी संगणकाच्या खास प्रणाली तयार केलेल्या आहेत. त्या प्रणाली कोणत्या, त्या करतात तरी काय आणि त्यांच्या उत्तरावर कितपत विसंबावे, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. गणिताचा फारसा बोजा वाचकांवर टाकणार नाही. बेरीज, भागाकार आणि थोडी सबुरी एवढ्यावर भागेल.

प्रथम सरासरीचा निकाल लावू. सरासरी ही फार सोयीची, परंतु तितकीच मुखदुर्बळ बाई आहे. घरात काय चालले आहे ते ती सांगत नाही. समजा, एका गावात दोन वाडे आहेत. मे महिन्यात प्रत्येक वाड्यावरील दहा विहिरींत जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली मोजली. वरच्या वाड्यावरचे आकडे मीटरमध्ये असे आले: ५, ५, ६, ६, ६, ६, ६, ६, ७, ७. खालच्या वाड्यावरचे असे: २, २, ३, ३, ५, ७, ९, ९, १०, १०. दोहोंची बेरीज ६०, दोहोंची सरासरी ६. कागदावर सरासरी लिहून पाठविली तर वरच्या कचेरीतला माणूस म्हणेल, दोन्ही वाडे सारखेच आहेत, तक्रार कसली? पण ज्या घराच्या विहिरीचा दोर दहा मीटर खाली जातो, त्या घरातील बाईला ही सरासरी ऐकवून पाहा! शेजारच्या विहिरीला दोन मीटरवर पाणी आहे म्हणून हिची घागर भरत नाही.

म्हणून सरासरीशी सरासरी न ताडता सगळी विभागणीच विभागणीशी ताडली पाहिजे. यासाठी ज्या अनेक कसोट्या आहेत, त्यांतील समजावयास सर्वांत सोपी कसोटी कोल्मोगोरोव्ह व स्मिर्नोव्ह या दोन रशियन गणितज्ञांच्या नावे ओळखली जाते. कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये तिचा पाया घातला व स्मिर्नोव्ह यांनी दोन नमुने परस्परांशी ताडण्याची रीत दिली. आपण ती आपल्या विहिरींनाच लावून पाहू. प्रत्येक खोलीपाशी थांबावयाचे आणि विचारावयाचे: इतकी किंवा याहून कमी खोली असलेल्या विहिरी किती? ३ मीटरपाशी वरच्या वाड्यावर एकही नाही, खालच्या वाड्यावर दहांपैकी चार. अंतर ०.४. ५ मीटरपाशी दोन विरुद्ध पाच, अंतर ०.३. ६ मीटरपाशी आठ विरुद्ध पाच, पुन्हा ०.३. ७ मीटरपाशी वरच्या वाड्याच्या दहाही विहिरी आल्या, खालच्या वाड्याच्या सहाच, अंतर ०.४. या सर्वांतील मोठ्यात मोठे अंतर ०.४ हे कसोटीचे माप झाले.

आता हे माप मोठे की लहान? दोन्ही वाड्यांचे पाणी मुळात एकाच जातीचे असते, तर निव्वळ योगायोगाने एवढे अंतर कितीदा पडले असते, ते पाहावयाचे. दहा दहा नगांच्या दोन नमुन्यांत शंभरांत पाचांहून कमी वेळा पडणारे अंतर ०.७ पासून पुढे सुरू होते. आपले अंतर ०.४ च आहे. तेव्हा ही कसोटी म्हणते: एवढ्यावरून काही सांगता येत नाही. मात्र दहाऐवजी पन्नास पन्नास विहिरी मोजल्या आणि त्यांची विभागणी अशीच निघाली, तर तीच उंबरठ्याची रेषा सुमारे ०.२७ वर येते, आणि तेच ०.४ चे अंतर योगायोग म्हणून झटकून टाकता येत नाही. तक्रार तीच, फरक तोच, पण मोजणी वाढली की तिला वजन येते. जेथे पाण्यावरून खरोखर तंटा आहे, तेथे दहा विहिरींवर थांबणारा माणूस आपलीच बाजू लंगडी करून ठेवतो.

येथे कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील, ‘सर, डोळ्यांना तर फरक धडधडीत दिसतो, मग कसोटीला का दिसू नये?’ शंका रास्त आहे. कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह कसोटीची नजर विभागणीच्या मध्यभागी तीक्ष्ण व दोन्ही टोकांना मंद असते. आपल्या विहिरींची सारी कथा तर टोकांनाच आहे. उलट, आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत एवढेच पाहणारी दुसरी एक कसोटी आहे. तिच्या हिशेबाने खालच्या वाड्याचे विचरण वरच्याच्या सुमारे २५ पट भरते व ती दहा विहिरींवरही तत्काळ हाक मारते. मात्र आकडे घंटेच्या आकाराने पसरलेले असावेत अशी तिची अट असते. टोकांना अधिक वजन देणारी अँडरसन व डार्लिंग यांची कसोटी १९५२ मध्ये पुढे आली. त्याहून जुनी म्हणजे कार्ल पीअर्सन यांची १९०० सालची काय-वर्ग कसोटी. तीत आकडे खणांत घालून खणाशी खण ताडतात. परंतु एकेका खणात अपेक्षित नग पाचसहांहून कमी असले की तिचा भरवसा धरवत नाही. वैद्याच्या पेटीत एकच औषध नसते, तसेच हे.

आता संगणकाकडे वळू. युरोपातील सर्न या प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास रेने ब्रुन व फॉन्स राडेमाकर्स यांनी ‘रूट’ नावाची प्रणाली रचावयास घेतली. आज कणभौतिकीतील बहुतेक आलेख तिच्यातून निघतात. त्या प्रणालीत दोन स्तंभालेख समोरासमोर ठेवून काय-वर्ग वा कोल्मोगोरोव्ह कसोटी लावणे हे एका ओळीच्या आज्ञेचे काम आहे. मात्र रूटच्या माहितीपुस्तकातच एक सावधगिरीची सूचना दिलेली आहे: कोल्मोगोरोव्ह कसोटी सुट्या आकड्यांसाठी आहे; आकडे खणांत कोंबल्यावर ती लावली तर मिळणारी संभाव्यता नेमकी राहत नाही. आज्ञा एका ओळीची असली तरी ही सूचना वाचावयास वेळ काढला पाहिजे, आणि तेवढा वेळ न काढणारे सर्वत्र आढळतात.

पुढे २००४ मध्ये इटलीतील संशोधकांच्या पुढाकाराने ‘स्टॅटिस्टिकल टूलकिट’ म्हणून कसोट्यांची एक पेटीच प्रसिद्ध झाली. तिचे प्रयोजन मोठे व्यवहारी होते. जिअँट-४ नावाची एक प्रणाली आहे. एखादा कण पाण्यातून, हाडातून किंवा शिशातून जातांना काय होईल, याची ती संगणकात अनुकृती करते. या अनुकृतीचा उपयोग किरणोपचाराच्या अभ्यासातही होतो. शरीरात किती खोलीवर किरणांची मात्रा किती पडेल याचा वक्र अनुकृतीने काढावयाचा व पाण्याच्या टाकीत प्रत्यक्ष मोजलेल्या वक्राशी ताडावयाचा. नुसत्या डोळ्याने ‘बरेच जुळते’ म्हणून चालत नाही, कारण प्रोटॉन किरणांची बहुतेक मात्रा मार्गाच्या शेवटी एका अरुंद जागेत पडते. ती जागा थोडी सरकली तर गाठीऐवजी शेजारचा निरोगी भाग भाजेल. आपल्याकडील कर्करोगाचे रुग्ण मुंबईस टाटा रुग्णालयात जातात हे प्रत्येक कुटुंबाला माहीत आहे; त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात आता प्रोटॉनचे उपचार होतात. अशा ठिकाणी दोन वक्रांची तुलना हा कागदी प्रश्न राहत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सर्नशीही जुना संबंध आहे. तेथील सीएमएस या प्रचंड यंत्राचा बाह्य हॅड्रॉन कॅलरीमापक घडविण्यात या संस्थेचा व पंजाब विद्यापीठाचा वाटा होता. यंत्र चालू असतांना त्याच्या भागाभागांचे स्तंभालेख संगणक सतत काढीत असतो व ठरलेल्या नमुना-आलेखांशी ताडीत असतो. आलेख बिघडला की पहाऱ्यावरच्या माणसाला खूण मिळते. शोध लागणे पुढची गोष्ट. आधी यंत्राची प्रकृती ठीक आहे की नाही ते याच कसोट्या सांगतात.

तथापि, शेकडा पाचाचा उंबरठा येथे चालत नाही, आणि त्याचे कारण कोणत्याही शिक्षकाच्या लक्षात येण्याजोगे आहे. वीस जोड्या ताडल्या, तर काहीही फरक नसतांना त्यांतील एखादी जोडी शेकडा पाचाच्या हिशेबाने ‘निराळी’ निघणारच. हजारो आलेख पाहणाऱ्यास तर अशी फसवी खूण पावलोपावली भेटेल. म्हणून कणभौतिकीत नवा शोध जाहीर करावयाचा तर उंबरठा सुमारे ३५ लाखांत एकदा इतका उंच ठेवतात. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला तो हा उंबरठा गाठूनच. याच्या उलट उदाहरण डिसेंबर २०१५ चे. सर्नच्या दोन निरनिराळ्या यंत्रांना एकाच ठिकाणी आलेखावर उंचवटा दिसला. तो उंबरठ्याच्या पुष्कळ खाली होता, तरी जगभर त्यावर शेकडो प्रबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक आकडे हाती आले आणि उंचवटा सपाट झाला. कोणी लबाडी केली नव्हती. आकडे थोडे असले की ते असेच खेळ करतात.

हे सारे दूरदेशीचे शास्त्र आहे असे कोणी समजू नये. या विद्येचा एक थोर उपासक आपल्या गोव्याचाच होता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. बौद्ध वाङ्मयाचे प्रसिद्ध पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. मुलगा हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवी घेऊन परतला. प्रथम बनारसला, मग आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व १९४५ पासून १९६२ पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले. पुणे-मुंबई हा रोजचा प्रवास ते डेक्कन क्वीनने करीत.

कोसंबींनी विभागणीची तुलना वापरली ती चक्क जुन्या नाण्यांवर. तक्षशिलेच्या उत्खननात चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल. मग अगोदरचे कोणते व नंतरचे कोणते, हे ठरवावयाचे कसे? कोसंबींनी तराजू हाती घेतला. नाणे हातोहाती फिरते, झिजते व हलके होते. सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून जसजसा काळ जातो तसतशी सरासरी उतरते आणि पसारा वाढतो. अंदाज खरा की खोटा हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीसुद्धा हजारोंनी तोलली, कारण त्यांवर साल छापलेले असते व उत्तर ताडून पाहता येते. मग तीच फूटपट्टी त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांना लावली. नाण्याच्या मागील बाजूस जितक्या तपासणीच्या खुणा अधिक, तितके वजन कमी, असे निघाले. म्हणजे खुणा काळाबरोबर वाढत गेल्या. मुक्या नाण्यांचा अनुक्रम अशा रीतीने लागला. झिजेच्या गणितावरील त्यांचा निबंध १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला.

विचार करून पाहा: ज्ञात वस्तूवर रीत पारखून मग ती अज्ञात वस्तूला लावणे, हेच आज जिअँट-४ ची मंडळी पाण्याच्या टाकीजवळ बसून करतात. कोसंबींजवळ संगणक नव्हता, तराजू व कागद होते. १९४३ मध्ये त्यांनी एका निबंधात मांडलेली दुसरी एक कल्पना पुढे कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नावाने जगभर रूढ झाली, आणि चित्रे व चेहरे ओळखणाऱ्या संगणकीय रीतींना ती आजही उपयोगी पडते. त्या प्रमेयाला कोसंबींचेही नाव जोडले जाते, परंतु आपल्या शाळांतून ते क्वचितच ऐकू येते, याची मला खंत वाटते. कोसंबी २९ जून १९६६ रोजी पुण्यास वारले.

घरातील कोणा मुलाला वा मुलीला हे करून पाहावयाचे असेल, तर पैशाची अडचण नाही. रूट प्रणाली फुकट मिळते. ‘आर’ नावाची संख्याशास्त्राची भाषाही फुकट आहे. आणि ‘पायथन’ भाषेतील ‘सायपाय’ या संग्रहात येथे सांगितलेल्या बहुतेक कसोट्या तयार आहेत. साध्या संगणकावर त्या चालतात. अवघड काम त्याच्या आधीचे आहे: मोजणी. विहिरीच मोजावयाच्या असतील तर दोर एकच असावा, माप काठाच्या एकाच ठरलेल्या दगडापासून घ्यावे, पंप बंद करून काही तास गेल्यावर पहाटे घ्यावे, आणि सर्व विहिरी शक्यतो एकाच दिवशी उरकाव्या. कोणती विहीर मोजावयाची ते चिठ्ठी टाकून ठरवावे. ज्याची तक्रार मोठी त्याचीच विहीर मोजली तर नमुना बिघडतो. वहीत तारीख, वेळ, विहिरीची खूण व आकडा, एवढे चार रकाने पुरेत. पहिली मोजणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागण्यापूर्वी व्हावी. दुसरी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर.