वय, देह आणि साक्ष : बालिकांवरील अत्याचाराचा कायदा कोठे अडतो?

अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की आपल्याकडे एकच मागणी पुढे येते : कायदा कडक करा, फाशी द्या. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, आश्वासने मिळतात. या मागणीमागचा संताप खरा आहे, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु गेल्या पन्नास वर्षांतील गाजलेले निकाल वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवते. हे खटले शिक्षेच्या आकड्यावर अडलेले नाहीत. मुलीचे वय सिद्ध झाले नाही, तिच्या देहाचा पुरावा तिच्याच विरुद्ध वापरला गेला, किंवा तिचा शब्द खोटा ठरविण्यात आला, येथे ते अडले आहेत. आणि या तिन्ही ठिकाणी जात आणि गरिबी हजर असते.

मी गिरडचा. समुद्रपूर तालुक्यातील हे गाव टेकडीवरच्या बाबा फरीदांच्या दर्ग्यामुळे दूरवर ओळखले जाते. आमच्या वस्तीतील शिकती पोरे मला विचारतात, ‘इतके कायदे झाले, मग न्याय का मिळत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दिल्लीला जावयास नको. देसाईगंज, सेवाग्राम आणि नागपूर ही आपल्या विदर्भातील तीन ठिकाणे पुरेशी आहेत.

वय

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी, अनाथ, मोलमजुरी करणाऱ्या मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. मुलीचे नाव पुढे देशभर झाले. पीडितेचे नाव छापू नये असा कायदाच याच लढ्यातून आला, म्हणून मी ते येथे मुद्दाम घेत नाही. आरोपी होते ठाण्यातीलच दोन पोलीस. डॉक्टरांनी तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला. त्या काळी कायद्याने संमतीचे वय सोळा होते. म्हणजे ती सोळाच्या आत आहे एवढे सिद्ध झाले असते, तर ‘तिची संमती होती काय’ हा प्रश्नच उरला नसता. पण सत्र न्यायालयाने वयाचा पुरावा समाधानकारक नाही असे ठरविले, तिला खोटारडी म्हटले आणि १ जून १९७४ रोजी आरोपींना सोडले. पुढचा सारा खटला संमतीवर लढला गेला. नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोघांनाही शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, हे कारण पुरेसे मानले गेले. ठाण्याचे दार बंद, समोर वर्दी आणि बाहेर ताटकळणारे गरीब नातेवाईक : अशा वेळी भूमिहीन घरच्या मुलीने कोणाच्या बळावर ओरडावयाचे होते?

संमतीच्या वयाचा इतिहासही लक्षात घ्यावयास हवा. १८६० च्या दंडसंहितेत हे वय दहा होते. १८९१ साली ते बारा झाले, तेव्हा पुण्यात धर्म बुडाल्याची हाकाटी उठली होती. त्याआधी १८८४ साली मलबारींच्या टिपणावर मत देताना जोतीरावांनी बालविवाहाविरुद्ध आपले म्हणणे नोंदविले होते. १९२५ साली ते चौदा, १९४९ साली सोळा आणि २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा झाले. पतीला मिळणारी सवलत मात्र टिकून होती. पंधरा ते अठरा वयाच्या पत्नीबाबतची ती सवलत सर्वोच्च न्यायालयाने थेट ऑक्टोबर २०१७ मध्ये काढून टाकली.

आज अठराच्या आतील मुलगा असो वा मुलगी, संमतीचा प्रश्न विचारला जात नाही. हा मोठा बदल होय. पण त्यामुळेच सारा भार आता वयाच्या कागदावर आला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे प्रथम शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहतात. ते नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला. आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि या दोन वर्षांत आरोपी सुटतो. २०२३ साली पी. युवप्रकाश खटल्यात तर केवळ टी.सी. आणि दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा सर्वोच्च न्यायालयाने पुरेसा मानला नाही.

आता आपल्या वस्तीतील पोरांचे कागद काढून पाहा. कापूस वेचणीला नाहीतर कामासाठी परगावी गेलेल्या बाईचे बाळंतपण वाटेत झाले, नोंद कोणी केली नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून किंवा १ जुलै लिहिले. जुन्या रजिस्टरांतून अशा तारखांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. सवर्ण घरच्या मुलीची तारीख, वार आणि घटका कुंडलीत मांडलेली असते. आपल्या मुलीला वाढदिवसच नसतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करणे हे म्हणून केवळ कारकुनी काम नव्हे. ती मुलीच्या संरक्षणाची पहिली पायरी आहे.

देह

बलात्काराच्या तपासणीत दोन बोटांची चाचणी करून ‘मुलीला सवय होती’ असा शेरा लिहिण्याची प्रथा आपल्या रुग्णालयांतून वर्षानुवर्षे चालू होती. देसाईगंजच्या मुलीविरुद्धही असाच शेरा वापरला गेला. या प्रथेला शास्त्राचा कसलाही आधार नाही हे ठामपणे मांडणारे काम आपल्या वर्धा जिल्ह्यातच झाले, हे पुष्कळ कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल तयार केला. त्याच्या आधारे डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. २०१३ साली महाराष्ट्र शासनाने तपासणीची नवी पद्धत आणि नमुना लागू केला; त्यातून ही चाचणी वगळण्यात आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी समजला जाईल असे सांगितले.

पण शब्द बदलले तरी वाचणारे डोळे बदलतातच असे नाही. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठाच्या एका न्यायमूर्तींनी, बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवरून केलेला स्पर्श हा त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून पोक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. ॲटर्नी जनरलनी त्याच महिन्यात त्याला स्थगिती मिळविली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला : पाहावयाचा तो आरोपीचा लैंगिक हेतू, कापडाची जाडी नव्हे. संविधान कितीही चांगले असले तरी राबविणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. तो येथे अक्षरशः लागू पडतो.

कार्यकर्त्याने काय लक्षात ठेवावे? तक्रार नोंदलेली नसली तरी रुग्णालयाला मुलीची तपासणी करावी लागते. ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ असे म्हणून परत पाठविता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच, आईबापांपैकी कोणी किंवा तिच्या विश्वासाचे माणूस हजर असताना करावयाची असते. तपासणीआधी मुलीला आंघोळ घालू नये. तिचे कपडे न धुता, कोरडे करून कागदात बांधावेत, प्लास्टिकमध्ये नव्हे. घरच्या माणसांना आधी पोर स्वच्छ करावीशी वाटते. ते माणुसकीचेच आहे, पण पुरावा त्या पाण्यात वाहून जातो.

साक्ष

१९७८ च्या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिशिक्षकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर स्त्रियांचे मोर्चे उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार वेगळा गुन्हा ठरला, अशा प्रकरणात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावयाचे ठरले, सुनावणी बंद दाराआड झाली. स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याची उलटतपासणीतील मुभा मात्र २००३ पर्यंत राहिली. पोक्सोने आणखी पुढचे पाऊल टाकले. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, वर्दी न घालता, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवावयाचे. साक्ष तीस दिवसांत, खटला शक्यतो वर्षात संपवावयाचा.

मग साक्ष फिरते कोठे? ती गावात फिरते. मुलीचा बाप ज्याच्या वावरात राबतो, त्याच्याच घरचा पोरगा आरोपी असतो. रात्री चार माणसे येतात : ‘गावातच मिटवा, पोरीचे लग्न व्हायचे आहे.’ असा गुन्हा आपसात मिटविण्याची कायद्यात तरतूदच नाही. उलट माहिती असून पोलिसांना न कळविणे हाच पोक्सोखाली गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला अधिक शिक्षा आहे. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणात शाळेने वेळीच न कळविल्यावरून आणि पोलिसांच्या दिरंगाईवरून उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षक मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मुलगी दलित वा आदिवासी असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे पहिल्याच दिवशी तक्रारीत आली पाहिजेत. पूर्वी गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ झाला हे सिद्ध करावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आरोपीला तिची जात ठाऊक होती एवढे पुरते, आणि खेड्यात कोणाला कोणाची जात ठाऊक नसते? या कायद्याने तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य मिळते, आणि जामिनाच्या सुनावणीत पीडितेला म्हणणे मांडता येते. ही मदत म्हणजे उपकार नव्हेत. मजुरी बुडवून कोर्टाच्या तारखा करणाऱ्या घराला उभे राहण्याचे ते साधन आहे.

दुसरी धार

एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. सतरा वर्षांची सवर्ण मुलगी आणि एकोणीस वर्षांचा दलित मुलगा परस्परांच्या ओढीने पळून गेले, तर तिचे घरचे हाच पोक्सो हत्यार म्हणून वापरतात. संमतीचा विचार नसल्याने मुलगा तुरुंगात सडतो. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात वय अठराच ठेवून, सोळा ते अठरा वयाच्या अशा प्रकरणांत न्यायालयाला विवेकाधिकार द्यावा असे सुचविले. मला ही दिशा योग्य वाटते. वय खाली आणले तर उद्या वस्तीतील पोरीची ‘संमती’ पुन्हा मालकाचा वकील सिद्ध करील. काहीच केले नाही तर जातीबाहेरचे प्रेम गुन्हा ठरत राहील. दलित चळवळीने या प्रश्नावर स्वतःची भूमिका मांडली पाहिजे, ती दुसऱ्यांवर सोपवून चालणार नाही.

कायदा आपल्या बाजूने पुष्कळसा लिहिला गेला आहे, आणि तो देसाईगंजच्या एका मुलीने किंमत मोजल्यामुळे लिहिला गेला आहे. आता प्रत्येक वस्तीत जन्माचे दाखले तपासणारी, घटना घडल्यावर मुलीबरोबर दवाखान्यात आणि ठाण्यात जाणारी, तारखेला बापासोबत बसणारी दोन-चार माणसे हवीत. फाशीची मागणी करणारा मोर्चा एका दिवसात संपतो. हे काम वर्षानुवर्षे करावे लागते आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. तरीही ते आपल्यालाच करावयाचे आहे.