सवलत आहे, पुरावा कोणी द्यावयाचा?

२७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेखालील पहिली विमाने सुटली, तेव्हा सिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबाद या मार्गांबरोबर नांदेड–हैदराबाद हा मार्गही त्यांत होता. सुमारे तासाभराच्या प्रवासास, ठराविक जागांपुरते, अडीच हजार रुपये भाडे ठरविण्यात आले होते. मराठवाड्याच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हती. पुढे त्या मार्गावरील कंपनी बंद पडली, सेवा खंडित झाली, नव्या कंपन्या आल्या, मार्ग बदलले; परंतु एक गोष्ट बदलली ती कायमची. वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या हळदीच्या आणि उसाच्या गावात विमान ही आता केवळ बोट दाखवून मुलांना सांगावयाची वस्तू राहिलेली नाही. कोणाचा मुलगा बंगळूरास नोकरीस आहे, कोणाची लेक हैदराबादेत नांदते आहे, कोणाचे मूल मोठ्या शहरातील रुग्णालयात दाखवावयाचे आहे. अशा घरांतून आयुष्यातील पहिला विमानप्रवास घडतो आणि पुष्कळदा तो आजारी मुलाला कडेवर घेऊनच घडतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते की, वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यावर छापलेला आकडा नव्हे. ती मिळविण्यासाठी जो वेळ, जे श्रम आणि जी माहिती खर्ची पडते, तीही किंमतच होय. शासनाने तिकिटाची किंमत खाली आणली. माहितीची किंमत मात्र कोणी खाली आणली नाही. विमानतळावरील तपासणीच्या दारात, मुलाच्या औषधाची बाटली हातात धरून उभ्या असलेल्या आईला हा फरक जितका कळतो, तितका कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळणार नाही.

तपासणी अनावश्यक आहे, असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' विमान अटलांटिक महासागरावर स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जीव गेले. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आपले विमान कंदाहारला पळवून नेण्यात आले. त्यानंतर २००० सालापासून, जयपूरपासून आरंभ करून, देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटके विमानात नेण्याचा कट उघडकीस आला. तेव्हा पहिले काही दिवस तेथे हातातील सामानच बंद करण्यात आले होते. तान्ह्या मुलाचे दूध तेवढे नेता येई. तेही सोबतच्या प्रवाशाने अधिकाऱ्यासमोर चाखून दाखविल्यावर! याच कटातून शंभर मिलिलिटरचा नियम जन्मास आला व जगभर पसरला. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय उड्डाणांना तो लागू आहे. देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली सामान्यतः जाऊ दिली जाते.

या नियमाविषयी दोन गोष्टी आपल्याकडे फारशा ठाऊक नसतात. पहिली अशी की, मोजली जाते ती बाटली, तिच्यातील औषध नव्हे. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी दोन चमचे औषध उरले असले, तरी ती नियमात बसत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रवासात लागणारे औषध आणि बाळाचे अन्न यांना या मर्यादेतून मुळातच सवलत आहे. शिवाय आपल्याकडील मुलांची बहुतेक सिरपे तीस किंवा साठ मिलिलिटरच्या बाटलीतच मिळतात. म्हणजे अडचण मापाची नाही. अडचण आहे ती ओळखीची: बाटलीत जे आहे ते औषधच, आणि ते याच मुलाचे, हे दाखविण्याची.

येथे गावचे वास्तव आणि विमानतळाचा नियम समोरासमोर येतात. कारखान्यात भरलेल्या औषधावर त्याचे नाव, घटक, तुकडी क्रमांक आणि मुदत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु खेड्यात औषध रुग्णाच्या हाती पडते ते पुष्कळदा निराळ्याच रूपात. डॉक्टर मोठ्या बाटलीतून लहान बाटलीत औषध ओतून देतात. गोळी कुटून कागदाच्या पुड्या बांधून देतात. मेडिकलवाला पट्टीतून चार गोळ्या कापून देतो आणि औषधाचे नाव असलेला तुकडा नेमका दुकानातच राहतो. चिठ्ठी असली तर तिच्यावरील अक्षर मेडिकलवाल्याखेरीज कोणास लागत नाही. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली, औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या छापील अक्षरांत लिहावीत, असे सांगितले होते. त्याचा प्रत्यय किती चिठ्ठ्यांत येतो, हे वाचकांनी आपल्याच घरातील चिठ्ठी काढून पाहावे.

आता तपासणीच्या दारातील प्रसंगाची कल्पना करा. जवान हिंदीत विचारतो, 'माताजी, इसमें क्या है?' आई सांगते, 'लेकराचं औषध हाय, सायेब.' दोघेही खरे बोलत आहेत. परंतु बाटलीवर नाव नाही, चिठ्ठी वाचता येत नाही, आणि मागे रांग वाढते आहे. जवानाने काय करावे? चुकून धोक्याची वस्तू आत गेली, तर अनर्थाची जबाबदारी त्याची. चुकून निरुपद्रवी औषध अडविले, तर त्याचे काहीच बिघडत नाही. ती किंमत तापाने फणफणलेले मूल मोजते. ज्या व्यवस्थेत एका बाजूच्या चुकीची किंमत निर्णय घेणारा मोजतो आणि दुसऱ्या बाजूच्या चुकीची किंमत भलताच मोजतो, त्या व्यवस्थेत निर्णय कोणत्या बाजूला झुकेल हे सांगावयास ज्योतिषी नको. दोष जवानाच्या अंतःकरणाचा नाही, हिशेबाच्या रचनेचा आहे.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, वस्तूच्या गुणाविषयी एका पक्षास माहिती आणि दुसऱ्यास नाही, अशी स्थिती असली म्हणजे चांगली वस्तूही संशयास पात्र ठरते. तपासणीच्या दारात नेमके हेच घडते. जो प्रवासी इंग्रजीतील छापील चिठ्ठी पुढे करतो, त्याला तीच सवलत क्षणात मिळते. जो ती करू शकत नाही, त्याच्यापुरती सवलत कागदावर राहते. नियम दोघांस एकच आहे. पण तो वापरण्याची ऐपत एकसारखी नाही.

उपाय खर्चाचे नाहीत. पालकांनी औषध मूळ बाटलीत, मूळ खोक्यासह, चिठ्ठी व दुकानाच्या बिलासह ठेवावे आणि बॅग यंत्रात घालण्यापूर्वीच ते बाहेर काढून जवानास सांगावे. औषध हातातील पिशवीतच असावे. मोठे सामान चुकले तर औषधही चुकते, आणि मधुमेही मुलाचे इन्सुलिन तर गोठल्यास निकामी होते. इन्सुलिनच्या सुयांसाठी डॉक्टरांचे पत्र जवळ हवेच. पाऱ्याचा तापमापक विमानाच्या कक्षात नेता येत नाही, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. पाण्यात कालवावयाचे कोरडे अँटिबायोटिक डॉक्टरांना विचारून, शक्य तर मुक्कामी पोहोचल्यावर कालवावे. कालविल्यानंतर ते थोडेच दिवस टिकते. आखाती देशांत जाणाऱ्यांनी तर विशेष जपावे. तेथे प्रश्न बाटलीच्या मापाचा नसून आतील द्रव्याचा असतो. कोडीनसारख्या द्रव्यांवर संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत कडक निर्बंध आहेत, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या खोकल्याच्या काही औषधांत ते असते. सुरक्षेचे दार आणि सीमाशुल्काचे दार ही दोन निराळी दारे आहेत. एकातून सुटलेला दुसऱ्यात अडकू शकतो.

डॉक्टरांचे काम याहून सोपे आहे. मुलाचे नाव, वय, आजार, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि किती दिवसांसाठी, एवढ्या सहा गोष्टी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून खाली सही-शिक्का केला की काम भागते. गावातील शिक्षकाने किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याने असा नमुना तयार करून दवाखान्यात नेऊन दिला, तरी मोठे काम होईल.

परंतु सारा भार पालकांवर आणि डॉक्टरांवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. तिकीट घेताना येणारा संदेश आणि तपासणीच्या दारातील फलक यांवर औषधाविषयीची सवलत मराठीत, ठळकपणे लिहिलेली असावी. बंदी असलेल्या वस्तूंची चित्रे आपण सर्वत्र पाहतो. परवानगी असलेल्या वस्तूंची चित्रे का असू नयेत? दुसरे असे की, मुलाचे औषध काढून घ्यावयाचे झाल्यास तो निर्णय वरिष्ठ अधिकाऱ्यानेच घ्यावा आणि कारण लेखी द्यावे. अडविण्याची चूकही ज्या दिवशी नोंदली जाऊ लागेल, त्या दिवशी तराजूची दोन्ही पारडी प्रथमच समान होतील. सुरक्षेत यामुळे तिळमात्र उणीव येणार नाही, कारण संशय आल्यास तपासण्याचा अधिकार अबाधितच राहतो.

काही विमानतळांवर आता नवी क्ष-किरण यंत्रे बसत आहेत आणि त्यांमुळे द्रवपदार्थांचे निर्बंध सैल होऊ लागले आहेत. उद्या ती सर्वत्र येतीलही. परंतु यंत्र बाटलीत स्फोटक आहे किंवा नाही एवढेच सांगेल. सुई कशासाठी, पुडीत काय आणि ते कोणासाठी, हे सांगावयास माणसाचाच कागद लागेल. म्हणून यंत्राची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. अडीच हजारांच्या तिकिटाने कुरुंद्याचा माणूस विमानतळाच्या दारापर्यंत आला. तेथून आत जाण्यासाठी त्याला हवा आहे तो एक वाचता येईल असा कागद आणि त्याच्या भाषेतला एक फलक. एवढेही ज्या व्यवस्थेला परवडत नाही, तिने स्वस्त प्रवासाचा अभिमान बाळगू नये.