नवी म्हणण्याआधी

पहाटे ५.३०
लाइन आहे. दिवाळीच्या सुट्टीत जानेफळला आले की माझ्या दिवसाची आखणी या दोन शब्दांवर ठरते. लॅपटॉप चार्जिंगला लावून मी माशी उघडते. माशी म्हणजे तिचे फोटो. खरा नमुना संग्रहालयाच्या कपाटात आहे आणि त्यानं तिथेच राहावं. पाच कोटी वर्षं टिकलेली वस्तू मेहकरच्या एसटीत हादरे खायला आणायची नसते.

माशी खंबातच्या अंबरातली. सुरत जिल्ह्यात वस्तान, तडकेश्वर इथल्या लिग्नाइटच्या खाणींत हे अंबर मिळतं. साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांची राळ, सुमारे ५.४ कोटी वर्षांपूर्वीची. तीत अडकलेलं हे चिलट चावऱ्या चिलटांच्या कुळातलं, सेराटोपोगोनिडी. पंख जेमतेम मिलिमीटरभर.

६.३०
मोजमापं. पंखाची लांबी, पुढच्या कडेची जाड शीर कुठवर जाते, स्पर्शिकेचे तेरा खंड एकेक करून. नुसत्या लांबीला फारशी किंमत नसते, कारण एकाच जातीत लहानमोठे असतात; गुणोत्तरं जास्त भरवशाची. त्यातही पंख राळेत तिरपा असला की फोटोत आखूड दिसतो. म्हणून वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या फोटोंची थप्पी वरखाली करत पंखाचं टोक आणि बूड एका पातळीवर आहेत का, ते आधी पाहायचं. कंटाळवाणं काम आहे. मला आवडतं.

८.००
शेजारच्या वावरात सोयाबीनचं थ्रेशर सुरू झालं. आई चहा ठेवून जाता जाता म्हणाली, “त्या माशीत काय पाहून राह्यली वं इतकं?” नवी जात असेल तर नाव द्यावं लागेल, म्हटलं. “मग जानेफळचं दे ना!” गावाच्या नावाला शेपूट जोडून जातीचं नाव करता येतं, पण वाचणारा समजेल की माशी जानेफळात सापडली. सापडली गुजरातेत. आईला हे कारण पटलेलं नाही.

९.३०
आता आजचं खरं काम. पंखाच्या पुढच्या कडेला दोन बारीक कप्पे असतात, शिरांनी वेढलेले. माझ्या चिलटात पहिला कप्पा जवळजवळ मिटलेला दिसतो, नुसती फट. हे खरं असेल तर जवळच्या जातींपासून ते वेगळं पडतं. पण तिथूनच अंबरातली एक केसासारखी भेगही जाते. शीर कुठली आणि भेग कुठली? थप्पी पुन्हा वरखाली. शीर पंखाच्या पातळीवर स्पष्ट होते आणि पंखाबरोबरच पुसट होते. भेग पंखाच्या कडेबाहेर जाते, खालच्या पातळीवरही दिसत राहते. तासाभरानं खात्री झाली: फटीची वरची रेघ शीर आहे, खालचीवर अजून विश्वास नाही.

नवी जात जाहीर करणं म्हणजे ती जुनी नाही हे दाखवणं, आणि माझे दिवस त्यातच जातात.

११.००
म्हणून वाचन. फ्राउके श्टेब्नर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याच अंबरातून चावऱ्या चिलटांच्या पाच नव्या जातींचं वर्णन केलं. एक इओहेलिया इंडिका, एक गेडानोहेलिया, तीन म्युनिएरोहेलिया. गंमत अशी की इओहेलियाची भावंडं युरोपातल्या बाल्टिक अंबरात भेटतात. त्या काळचा भारत म्हणजे आशियाला भिडायच्या बेतात असलेलं एकाकी बेट, असं आपण मानतो. ही चिलटं मात्र त्या एकाकीपणाला जुमानत नाहीत. त्याआधी, २०१६ मध्ये, त्याच गटानं वर्णन केलेल्या कॅम्प्टोप्टेरोहेलिया ओडोराच्या पंखावर खिशासारखी घडी आहे. जोडीदाराला खुणावणारा गंध पसरवण्यासाठी ती असावी, असा त्यांचा अंदाज. माझ्या चिलटाला असा खिसा नाही. तेही लिहायचं असतं.

दुपारी १.३०
लाइन गेली. जेवण, मग बांधावर. पायाखाली काळा दगड, लाव्ह्याचा. या थरांच्या मधल्या गाळातही किडे सापडलेले आहेत: स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरजवळच्या टाकळीतून गोळा केलेल्या किड्यांवर अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये लिहिलं. ते भुंगे. त्यांचे वरचे पंख टणक असतात, गाळात टिकून जातात. चिलटाच्या पापुद्र्यासाठी राळेसारखं दुसरं काही नाही.

४.००
लाइन आली. पंखाचं रेखाचित्र. खात्रीच्या शिरा सलग रेघेनं, संशयाची ती एक तुटक रेघेनं.

७.००
ओसरीतल्या बल्बवर चिलटं जमली. एक ओल्या बोटावर टिपून भिंगाखाली धरलं. पंखाच्या मधली शीर फाटा फुटून दोन टोकांनी कडेपर्यंत गेलेली, म्हणजे याच कुळातलं. याच्या काही भाऊबंदांमुळे मेंढ्यांना ब्लूटंग होतो. मेंढपाळाला चिलटाचं महत्त्व पटवावं लागत नाही. अनुदान देणाऱ्या समितीला लागतं.

९.००
मसुदा. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता कडक आहे. २००० पासून जात नवी असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं आणि ज्या एका नमुन्यावर नाव टांगायचं तो ठरवून सांगावा लागतो. अंक फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमध्ये नोंदणीही हवी. मी वेगळेपणाची चार वाक्यं लिहिली, मिटलेल्या कप्प्याचं पाचवं लिहिलं आणि खोडलं.

सहकाऱ्याचा निरोप आला होता: “पाठवायचा का?” मी कळवलं की डाव्या पंखावर भेग आहे, उजव्याचे फोटो खालच्या बाजूनं नव्यानं काढून हवेत. त्याचं उत्तर आलं, संग्रहालय सोमवारी उघडेल.