घर ते मनोरुग्णालय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोकणात कुणी विचित्र वागू लागलं की गावात शब्द निघतो, ‘ह्याला आता रत्नागिरीला न्यायला हवं.’ ऐकणारा दचकतो. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातल्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांत ते सर्वांत लहान, ३६५ खाटांचं. त्याची भीती मात्र फार मोठी आहे, आणि त्या भीतीपायी उपचार लांबतात.

गैरसमज : आत गेलेला माणूस परत येत नाही.
वस्तुस्थिती : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णाने घरी जायचं म्हटलं, तर त्याला सहसा अडवता येत नाही. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल केलेल्याला आधी जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. पुढच्या मुक्कामाला दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी लागते. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला आत ठेवणं कायद्याला मान्य नाही. तरीही बरे झालेले काही जण वर्षानुवर्षं घरच्यांची वाट पाहत राहतात.

गैरसमज : पुन्हा दाखल करावं लागलं, म्हणजे उपचार फुकट गेले.
वस्तुस्थिती : स्किझोफ्रेनिया, बायपोलर हे आजार उलटू शकतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद होतात, किंवा औषधासाठी एसटीने जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. झोप उडणं, संशय वाढणं, एकट्याने बोलणं ही लक्षणं दिसताच डॉक्टरांना गाठलं, तर दाखल करणं अनेकदा टळतं.

गैरसमज : गावाजवळ सोय झाली की मनोरुग्णालय नकोच.
वस्तुस्थिती : इटलीने १९७८ साली कायदा करून मनोरुग्णालयं मोडीत काढायला घेतली. तरीही तीव्र आजारासाठी सर्वसाधारण रुग्णालयांत १५ खाटांपर्यंतचे कक्ष ठेवले. आपल्याकडे १९९६पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उपचार घराजवळ आणण्यासाठीच आहे. बहुतेकांचं काम बाह्यरुग्ण विभागात भागतं. जीवाला धोका असेल, तर खाट लागतेच.

गैरसमज : आधी देवाला कौल लावू, नाहीच जमलं तर डॉक्टर.
वस्तुस्थिती : गाऱ्हाणं जरूर घाला, पण त्यासाठी औषध थांबवू नका. देवस्थानातही मनोरुग्णाला साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मोफत सल्ला मिळतो.

माणसाला घरी आणताना तीन गोष्टी विचारून घ्या : गोळ्या कोणत्या, पुढच्या तपासणीची तारीख कधी, आणि गोळ्या जवळ कुठे मिळतील. घरातलं त्याचं रोजचं कामही त्याला परत द्या.