राज्यसंस्था म्हणजे कोण?

मूलभूत हक्क डावलले गेले, तर दाद कोणाविरुद्ध मागायची? राज्यघटनेचं बारावं कलम सांगतं, राज्यसंस्थेविरुद्ध. तिच्यात केंद्र व राज्य सरकारं, संसद, विधिमंडळं, स्थानिक संस्था आणि 'इतर प्राधिकरणं' येतात. ही 'इतर' मंडळी कोण, यावर आपली न्यायालयं सत्तर वर्षं विचार करत आहेत. २५ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत या तरतुदीच्या व्याप्तीवर आक्षेप आला. तेव्हा डॉ. आंबेडकरांची भूमिका स्पष्ट होती: कायद्याने निर्माण झालेल्या आणि नियम करण्याचे अधिकार असलेल्या प्रत्येक संस्थेवर हे हक्क बंधनकारक असावेत.

सुरुवातीला मद्रास उच्च न्यायालयाने अर्थ आखडता घेतला. १९६७ साली राजस्थान वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रुंदावला. पण २१ फेब्रुवारी १९७५ रोजी विचित्र प्रकार घडला. एकाच दिवशी आयुर्विमा महामंडळ राज्यसंस्था ठरलं आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद ठरली नाही. पहिलं संसदेच्या कायद्यातून जन्मलेलं, दुसरी नोंदणीकृत सोसायटी, एवढाच काय तो फरक. नोकरीत अन्याय झालेल्या माणसाला या फरकाशी काय देणंघेणं?

खरं वळण आलं ते १९७९ साली, मुंबईच्या विमानतळावरच्या एका उपाहारगृहावरून. निविदेत अट होती की अर्जदार किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला, नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला हवा. कंत्राट मात्र कॅन्टीन चालवणाऱ्या दुसऱ्यालाच मिळालं. न्या. भगवती यांनी ठरवलं की विमानतळ प्राधिकरण हे सरकारचंच साधन आहे, म्हणून स्वतः घातलेली अट त्याला मनमानीने मोडता येणार नाही. तक्रारदार रमण शेट्टी न्यायालयात उशिरा आले होते, त्यामुळे कंत्राट काही रद्द झालं नाही. तत्त्व मात्र उरलं. भांडवल कोणाचं, नियंत्रण कोणाचं, काम सार्वजनिक महत्त्वाचं आहे का, असे प्रश्न विचारून संस्था पारखायच्या. १९८० साली अजय हसिया खटल्यात याच कसोट्यांवर श्रीनगरचं अभियांत्रिकी महाविद्यालय राज्यसंस्था ठरलं. तिथे दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीला एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण होते! २००२ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने १९७५चा संशोधन परिषदेबद्दलचा निकालही रद्द केला.

याच पीठाने एक कुंपणही घातलं. सरकारचं नियंत्रण आर्थिक, कामकाजी आणि प्रशासकीय, तिन्ही बाजूंनी खोलवर हवं. २००५ साली झी टेलिफिल्म्स खटल्यात क्रिकेट नियामक मंडळ या कुंपणाबाहेर पडलं, तेही तीन विरुद्ध दोन मतांनी. इथेही वाद निविदेचाच होता, प्रक्षेपण हक्कांच्या. देशाचा संघ निवडणारं मंडळ राज्यसंस्था नाही आणि विमानतळावरचं उपाहारगृह भाड्याने देणारं प्राधिकरण आहे, हे मला पटत नाही. न्यायालय मालकी मोजत राहिलं आणि सत्ता मोजायची राहून गेली.

खासगीकरणाने ही उणीव अधिक जाचक केली आहे. तोच मुंबई विमानतळ २००६पासून खासगी नेतृत्वाखालची कंपनी चालवते. विमानतळ प्राधिकरणाचा तिच्यात हिस्सा २६ टक्के. प्रवाशावरचा तिचा अधिकार कमी झालेला नाही, पण जुन्या कसोट्यांवर ती राज्यसंस्था ठरेलच असं म्हणता येत नाही. जानेवारी २०२३मध्ये कौशल किशोर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी न्यायालय म्हणालं की कलम १९ आणि २१खालचे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील. पाऊल मोठं आहे, पण ते कोणत्या मर्यादेत टाकायचं हे त्या निकालात नीट उलगडत नाही.

बाराव्या कलमाने राज्यसंस्थेत कोणाचा समावेश होतो हे सांगितलं, यादी बंद केली नाही. म्हणून संस्थेचे समभाग कोणाकडे आहेत याआधी ती नागरिकाचं काय हिरावून घेऊ शकते, हे न्यायालयाने विचारायला हवं. तोवर वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं: बाराव्या कलमात न बसणारी संस्थाही सार्वजनिक कर्तव्य करत असेल, तर कलम २२६खाली तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. क्रिकेट मंडळाबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच सांगितलं आहे.